ओस घराला पाहुणे

मंडळी, तुमच्या गावात एखादी कुलूपबंद जुनी वास्तू असेलच. कुठे इनामदारांचा वाडा असेल, कुठे जुनी चावडी, कुठे वेशीबाहेरची धर्मशाळा, तर कुठे कालव्याच्या काठचा साहेबाच्या वेळचा बंगला. राहणारे माणूस निघून गेलेले असते आणि किल्ली कोणाकडे आहे हे चौघांना विचारावे तर चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

असे घर कसे मरते हे मी तुम्हांला सांगायला नको. मृगाच्या आधी कौले परतायची राहून जातात. एक कौल सरकते. पाणी वाशावर येते, वाशावरून भिंतीच्या माथ्यावर, तिथून भिंतीच्या पोटात. माती फुगते, गिलावा सुटतो. पाखरांनी टाकलेले पिंपळाचे बी सांध्यात रुजते. पाच-सात पावसाळे गेले की आढे खचते. मग कोणी तुळया नेतो, कोणी दाराची चौकट नेतो, घडीव दगड गोठ्याच्या जोत्याला लागतात. शेवटी चौथरा उरतो आणि त्यावर पोरे क्रिकेट खेळतात.

आणि गंमत पहा, याच घरात एक चूल जरी पेटती राहिली असती तर हे सारे टळले असते. कारण माणूस राहत असला की पहिल्याच पावसात डोक्यावर थेंब पडतो आणि तो शिडी लावून वर चढतो. घराला जाग लागते, असे आपल्या म्हाताऱ्या माणसांचे म्हणणे असते ते काही उगीच नाही.

हीच गोष्ट हेरून तिची एक मोठी व्यवस्था विलायतेत काही लोकांनी उभी केली. त्यांची हकीगत आज सांगायची आहे.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. त्यानंतरची वीस वर्षे इंग्लंडातल्या जुन्या घरांना फार वाईट गेली. कर वाढले, नोकरमाणसे मिळेनात, आणि सरदार-जमीनदारांनी आपली शेकडो मोठी घरे पाडून टाकली. त्यांतल्या काहींना नॅशनल ट्रस्ट ही संस्था पोटात घेई. ही संस्था १८९५ सालची. सरकारकडेही प्राचीन स्मारकांचा कायदा होता, तो १८८२ सालचा. पण हे सगळे मोठ्यांचे झाले. मोठा राजवाडा असेल, प्रसिद्ध किल्ला असेल, तर त्याची दाद लागे. कालव्यावरच्या चौकीदाराचे घर, एखाद्या बागेतला मनोरा, बंद पडलेली गिरणी, खाणीवरचे यंत्रघर, यांना विचारतो कोण? ती दोन्ही जाळ्यांतून निसटत होती.

जॉन स्मिथ नावाचे एक गृहस्थ होते. १९२३ सालचा जन्म, बँकेच्या धंद्यातले घराणे, १९६५ ते १९७० पार्लमेंटचे सभासद. कालव्यांचे त्यांना वेड. टॉमस टेलफर्ड हा ब्रिटनमधला मोठा रस्ते-कालवे बांधणारा इंजिनियर. त्याने एका कालव्यावर बांधलेले एक घर पाडले जाणार होते. ते वाचवण्याची खटपट स्मिथ यांनी केली आणि ती फसली. घर गेले. पण या अपयशातून त्यांनी आणि त्यांच्या पत्नी ख्रिश्चन स्मिथ यांनी १९६५ साली एक न्यास काढला. त्याचे नाव लँडमार्क ट्रस्ट. लँडमार्क म्हणजे आपण वाट सांगताना ज्याची खूण देतो ते ठिकाण, "त्या जुन्या बुरुजापासून डावीकडे वळा" म्हणतो तो बुरूज.

कल्पना साधी होती. देणग्या मिळवून पडकी वास्तू दुरुस्त करायची. त्यासाठी लागणारा पहिला पैसा बराचसा स्मिथ कुटुंबाच्याच दुसऱ्या एका न्यासातून आला. मग ती वास्तू लोकांना चार-आठ दिवसांच्या सुटीसाठी भाड्याने द्यायची आणि त्या भाड्यावर तिची कायमची डागडुजी चालवायची. दुरुस्तीला दान आणि देखभालीला भाडे, असा हा हिशेब. संग्रहालय करायचे नाही. दोरी बांधून "हात लावू नये" अशी पाटी टांगायची नाही. उलट, हात लावायचा, जिने चढायचे, चुलीत लाकडे घालायची, रात्री वारा कसा वाजतो तो ऐकायचा.

सुरुवातीची एक वास्तू तर अगदी लहान, वेल्सच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यात. चर्चची झाडलोट आणि राखण करणाऱ्या माणसासाठी बांधलेले घर. १९६७ पासून पाहुणे येऊ लागले. पुढे शेजारचे ते चर्चच मोडकळीस येऊन पाडावे लागले. राखणदाराचे घर मात्र उभे आहे, कारण त्यात माणसे येत-जात राहिली. आज या न्यासाकडे सुमारे २०० वास्तू आहेत.

आता हे हॉटेल नव्हे, बरे का. तिथे घंटी वाजवली की चहा घेऊन कोणी येत नाही. सबंध वास्तू एकाच मंडळींच्या ताब्यात मिळते. स्वयंपाक आपला आपण करायचा, भांडी आपण घासायची. टेलिव्हिजन ठेवलेला नसतो. फडताळात पुस्तके असतात, पण ती कसलीही नव्हेत. त्या परगण्याचा इतिहास, तिथले पक्षी, तिथे घडलेल्या गोष्टी, तिथल्या लेखकांची पुस्तके. एक जाडजूड वही असते. इमारत कोणी बांधली, कशी पडली, कशी सावरली, याची टिपणे आणि नकाशे पाहुण्यांना वाचायला ठेवलेले असतात. आणि दुसऱ्या वहीत पाहुण्यांनी आपले अनुभव लिहायचे असतात. कोणी लिहितो धुके कसे चढले, कोणी लिहितो कुठल्या पायरीवर डोके आपटते. पुढचा पाहुणा ते वाचून खाली वाकतो.

या वास्तूंत एक मोठी मौजेची आहे, ती तुम्हांला थोडी सविस्तर सांगतो. स्कॉटलंडमध्ये डनमोर नावाच्या ठिकाणी एक अननस आहे. दगडी अननस. बागेच्या भिंतीच्या मध्यावर, दुमजली घराच्या माथ्यावर, भला मोठा कोरीव अननस उभा आहे, आणि त्याच्या पोटात एक खोली आहे.

आपल्याला अननसाचे काय कौतुक? कोकणात आणि गोव्यात तो परसात लागतो. पण तोही आपल्याकडे पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणला, सोळाव्या शतकात. थंड मुलुखात मात्र अननस पिकवणे म्हणजे राजेशाही षोक. डनमोरच्या बागेची भिंत आतून पोकळ आहे. भट्ट्या पेटवून तिच्या पोटातून गरम हवा खेळवायची, म्हणजे शेजारच्या काचघरात ऊब राहील, अशी योजना. धुराडी दिसू नयेत म्हणून त्यांना दगडी कलशांचा आकार दिला. दरवाजावर १७६१ हे साल आहे. बागेचा धनी लॉर्ड डनमोर पुढे अमेरिकेत व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर झाला आणि तिथे स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर त्याला पळ काढावा लागला. म्हणजे या फळाच्या खोलीला एका राज्यक्रांतीचा शेजार आहे.

पण मला विशेष वाटते ते पाथरवटांचे. अननसाची दगडी पाने बाहेर वळलेली आहेत. पावसाचे पाणी पानात साचले, थंडीत गोठले, तर बर्फ फुगून दगड फोडणार. म्हणून एकेका पानातून पाणी निघून जायची स्वतंत्र वाट ठेवली आहे. अडीचशे वर्षे झाली, पाने शाबूत आहेत. धन्याचे नाव राहिले, या कारागिरांचे नाव मात्र कोणाला ठाऊक नाही. आपल्याकडच्या वाड्यांची गोष्ट काही वेगळी नाही.

हा अननस १९७३ साली लँडमार्क ट्रस्टने भाडेपट्ट्याने घेऊन दुरुस्त केला. पाहुणे झोपतात ते अननसात नव्हे, तर दोन्ही बाजूंना माळ्यांच्या राहण्याच्या ज्या खोल्या होत्या त्यांत. गैरसोय अशी की एका बाजूच्या खोल्यांतून दुसऱ्या बाजूला जायचे तर बाहेर पडून, पावसात भिजत जावे लागते. न्यासाला मधून एक बोळ काढून देणे अवघड नव्हते. त्यांनी तो काढला नाही. वास्तूने माणसाला सोयीचे व्हायचे की माणसाने वास्तूला जुळवून घ्यायचे, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर त्या पावसात भिजण्यात आहे.

दुसरे उदाहरण डॉर्सेटच्या समुद्रकाठचे. तिथे क्लॅव्हेल टॉवर नावाचा गोल मनोरा आहे. १८३० साली एका पाद्र्याने समुद्राची शोभा पाहायला तो कड्यावर बांधला. टॉमस हार्डी हा इंग्रजीतला मोठा कादंबरीकार. तो तरुणपणी आपल्या प्रेयसीबरोबर इथे येई. पुढे मनोऱ्याला आग लागली, आतले सगळे जळाले. आणि कडा मऊ पाटीच्या दगडाचा. समुद्र त्याला खालून खात होता. मनोरा कड्याच्या अगदी टोकाशी आला.

आता काय करावे? कडा काही बांधून काढता येत नाही. न्यासाने मनोराच मागे न्यायचे ठरवले. २००६ साली काम सुरू झाले. एकेका दगडावर खूण घातली. एकूण दगड १६,२७२. मनोरा उतरवला आणि समुद्रापासून २५ मीटर आत नवा पाया घालून तोच मनोरा, तेच दगड, त्याच क्रमाने पुन्हा चढवला. २००८ साली तिथे पाहुणे राहू लागले. दोन-चार माणसांच्या एका मनोऱ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. मलाही क्षणभर तसेच वाटले होते. पण आज तिथे राहायचे म्हणजे फार आधी नाव नोंदवावे लागते, हेही खरे.

तिसरे ठिकाण म्हणजे सबंध एक बेटच आहे. लंडी हे त्याचे नाव. डेव्हन परगण्याच्या किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर समुद्रात, लांबी पाच किलोमीटर, रुंदी एकाच्या आसपास. पूर्वी चाच्यांचा अड्डा. तेराव्या शतकात तिसऱ्या हेन्री राजाने तिथल्या बंडखोर सरदाराला फासावर चढवले आणि आपला किल्ला बांधला. किल्ल्याचा खर्च बेटावरचे ससे विकून भागवायचा, असे ठरले होते म्हणतात. १९६९ साली हे बेट विक्रीला निघाले तेव्हा जॅक हेवर्ड नावाच्या दानशूर गृहस्थांनी १,५०,००० पौंड दिले, नॅशनल ट्रस्टने बेट घेतले आणि कारभार लँडमार्क ट्रस्टकडे दिला.

तिथल्या दीपस्तंभाची कथा गुरुजींनी वर्गात सांगण्यासारखी आहे. १८१९ साली तो बांधला तो बेटावरच्या सर्वांत उंच जागी. उंच दिवा लांबून दिसणार, हा सरळ हिशेब. पण त्या समुद्रात धुके दाट, आणि ते नेमके माथ्यावर बसते. खाली गलबते चाचपडताहेत आणि वर दिवा ढगात तेवतो आहे, असा प्रकार होऊ लागला. अखेर १८९७ साली बेटाच्या उत्तर आणि दक्षिण टोकांना खालच्या अंगाला दोन नवे दिवे लावले आणि जुना दिवा मालवला. दिव्याची राखण करणाऱ्यांची घरे रिकामी झाली. त्यांतच आता पाहुणे राहतात. फसलेल्या योजनेचीही अशी जपणूक झाली, म्हणून तर ती आपल्याला आज समजते.

एक वास्तू अशीही आहे की जिचा धागा मुंबईपर्यंत येतो. अमेरिकेत व्हर्माँट संस्थानात डोंगराच्या उतारावर एक लांबट घर आहे, त्याचे नाव "नौलाखा". लाहोरच्या किल्ल्यातल्या मंडपाचे नाव. हे बांधले रडयार्ड किपलिंगने, १८९३ च्या सुमारास. किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईला, जे. जे. कलाशाळेच्या आवारात. त्याचे वडील तिथे शिल्पकला शिकवीत, आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची कोरीव चित्रे त्यांचीच. किपलिंगच्या साम्राज्यशाही मतांशी आपले जुळण्याचे काही कारण नाही. पण मोगली, बघीरा आणि बाळू अस्वल ही मंडळी आपल्या सातपुड्याच्या रानातली, आणि ती कागदावर उतरली त्या बर्फाळ मुलखातल्या घरात, ही नवलाची गोष्ट आहे. १८९६ साली मेहुण्याशी झालेला तंटा कोर्टात गेला आणि किपलिंग ते घर सोडून निघाला. घर पुढे अनेक वर्षे रिकामे पडले. लँडमार्क ट्रस्टने ते घेऊन दुरुस्त केले आणि १९९३ पासून तिथे लोक राहू लागले.

इंग्रजांच्या आधी हा प्रयोग स्पेनने केला होता, पण निराळ्या तऱ्हेने. तिथे सरकारनेच सराया काढल्या. पहिली १९२८ साली ग्रेदोसच्या डोंगरात. ती नवी बांधलेली होती. १९३० साली ओरोपेसाच्या जुन्या गढीत दुसरी तऱ्हा सुरू झाली, आणि आज किल्ले, मठ, वाडे धरून अशा सराया नव्वदांहून अधिक आहेत. यांना पारादोर म्हणतात. आडबाजूच्या मुलखात पाहुणे यावेत, तिथल्या लोकांना काम मिळावे हा हेतू. मात्र ती हॉटेले आहेत, आणि हॉटेलला खोल्या लागतात, न्हाणीघरे लागतात. सिग्वेन्सा इथला किल्ला स्पेनच्या यादवी युद्धानंतर ढिगाऱ्यासारखा झाला होता. तो १९७० नंतर इतका नव्याने उभारावा लागला की जुना किती आणि नवा किती हे पाहणाऱ्याला कळणे कठीण. नाव राहिले, सावली राहिली. याला वाचवणे म्हणावे की नाही, याविषयी मतभेद होणारच.

इथवर मी चांगली बाजू सांगितली. दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिक होईल, कारण ऐकणारे तुम्ही खेड्यातले आहात आणि पाहुणा येतो तेव्हा यजमानाचे काय होते ते तुम्हांला भोगावे लागते.

विलायतेत खेड्यातली घरे सुटीसाठी घेण्याची चाल इतकी वाढली आहे की काही किनाऱ्यांवरच्या गावांत उन्हाळ्यात गर्दी आणि हिवाळ्यात अंधार असतो. शहरातला पैसेवाला घराची किंमत चढवून ठेवतो. गावातल्या जोडप्याला लग्न झाल्यावर घर मिळत नाही, ते निघून जाते, शाळेत मुले उरत नाहीत. वेल्समध्ये हा प्रश्न एवढा पेटला की एप्रिल २०२३ पासून असल्या दुय्यम घरांवर नेहमीच्या कराखेरीज त्याच्या तिप्पटीपर्यंत जादा कर बसवण्याचा अधिकार तिथल्या स्थानिक संस्थांना देण्यात आला. आपल्या कोकणात घरे बंद होण्याचे कारण वेगळे, चाकरमान्यांचे. पण बंद दार बंदच दिसते.

लँडमार्क ट्रस्टवर हा आरोप थोडा कमी लागू पडतो. दगडी अननसात किंवा कड्यावरच्या मनोऱ्यात गावातले कोणी संसार थाटणार नव्हते. शिवाय प्रत्येक वास्तूची किल्ली, झाडलोट, अंथरुण-पांघरुण त्या-त्या भागातल्या माणसाच्या हाती असते, आणि दुरुस्तीच्या निमित्ताने चुन्याचे काम, दगडकाम, जुन्या पद्धतीची सुतारी जाणणाऱ्यांना रोजगार मिळतो. पण मुक्काम स्वस्त नाही, ही तक्रार राहतेच. मजूर माणसाला तो परवडत नाही. न्यास वर्षाकाठी काही मुक्काम धर्मादाय संस्थांना फुकट देतो आणि काही दिवस वास्तू सर्वांना पाहायला खुल्या ठेवतो. तेवढ्याने तक्रार मिटते असे मला वाटत नाही.

आता घराकडे येऊ. गोव्याच्या उत्तर टोकाला तेरेखोलचा किल्ला आहे. नदी गोव्याची हद्द मानावी तर हा किल्ला नदीच्या पलीकडे, आपल्या बाजूला पडतो. वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीहून तिथे जमिनीवरून जाता येते, गोव्याच्या केरीहून मात्र नदी ओलांडावी लागते. सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांनी तो बांधला. १७४६ साली पोर्तुगीजांनी जिंकला आणि मधल्या चौकात चर्च उभारले. १८३५ सालच्या राजकीय धामधुमीत इथल्या शिबंदीची कत्तल झाली. आणि १५ ऑगस्ट १९५४ या दिवशी आल्फ्रेड आफोंसो यांच्या नेतृत्वाखाली गोव्याच्या सत्याग्रहींची एक तुकडी निःशस्त्र आत शिरली आणि किल्ल्यावर तिरंगा फडकवला. तो ध्वज फार काळ राहिला नाही. सत्याग्रही पकडले गेले, तुरुंगात गेले. गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मध्ये.

पुढे या किल्ल्यात हॉटेल झाले. चर्चच्या चौकाभोवती मोजक्या खोल्या; एका काळी सात खोल्या आणि त्यांना सात वारांची नावे, असाही थाट होता. खिडकीतून समुद्र दिसे. आता सांगा, ज्या तटावर ध्वज लावला म्हणून माणसे तुरुंगात गेली, त्या तटावर खुर्ची टाकून थंड पेय प्यावे काय?

मी या प्रश्नावर बराच विचार केला आहे. इंग्लंडातही लँडमार्क ट्रस्टने लष्करी वास्तू घेतल्या आहेत. ऑल्डबरो गावाजवळ समुद्रकाठी एक विटांचा भक्कम बुरूज आहे, १८०८ ते १८१२ या काळात नेपोलियनच्या स्वारीच्या भीतीने बांधलेला; विटा जवळजवळ दहा लाख. पण नेपोलियन काही आला नाही. तिथे झोपताना कोणाच्या स्मृतीवर पाय पडत नाही. तेरेखोलचे तसे नाही. हॉटेल नसते तर तो किल्ला इतका नीट राहिला असता का, हा प्रश्नही खराच. शेजारच्या कितीतरी गढ्या झाडीत गडप झाल्या. तरीही, तिथे राहणाऱ्याला पहिल्या दिवशी ही हकीगत कळली नाही, भिंतीवर ठळक लिहिलेली दिसली नाही, तर तो मुक्काम फुकट गेला असे मी म्हणेन.

आपल्या राज्यातही हा वाद होऊन गेला. २०१९ च्या सप्टेंबरात, काही असंरक्षित किल्ले पर्यटनासाठी दीर्घ मुदतीच्या कराराने खाजगी लोकांना देण्याचा बेत असल्याची बातमी आली. किल्ल्यावर लग्ने लागणार, हॉटेले निघणार, असे बोलले जाऊ लागले आणि महाराष्ट्र खवळला. शिवछत्रपतींच्या इतिहासाशी निगडित किल्ल्यांना हात लावला जाणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. जुलै २०२५ मध्ये तर मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची नोंद युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाली. त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. रायगडावर कोणी पलंग टाकण्याची भाषा केली तर त्याला लोक उभा करणार नाहीत, आणि ते योग्यच आहे.

पण त्या गलबल्यात एक गोष्ट बाजूला पडली. आपण किल्ल्यांविषयी भांडलो, आणि किल्ले सोडून बाकीचे जे हजारो लहान अवशेष आहेत त्यांच्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. टेलफर्डच्या त्या कालव्यावरच्या घरासारखेच हे. घाटातली चौकी, जुने जकातनाके, कालव्यावरचे बंगले, दीपस्तंभाच्या राखणदारांची घरे, धर्मशाळा. यांत कोणाचे रक्त सांडलेले नाही. यांतली बरीचशी तर वाटसरूने राहावे म्हणूनच बांधलेली. अहिल्याबाई होळकरांनी यात्रेच्या वाटांवर धर्मशाळा बांधल्या त्या काय कुलूप लावायला? वारीच्या वाटेवर आजही देवळात, मठात, शाळेत दिंड्या उतरतात. जुन्या वास्तूत परक्याला आसरा देणे ही आपल्याकडे नवी कल्पना मुळीच नाही. आपण फक्त तिच्यातून डागडुजीची सोय करायची विसरलो.

माझे मत विचाराल तर, गावातली अशी एखादी वास्तू पाहुण्यांसाठी उघडायची झाली तर तीन गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत. किल्ली गावातल्याच माणसाकडे राहील. आलेल्या भाड्यातून पहिला खर्च छपरावर होईल, रंगरंगोटीवर नव्हे. आणि गावच्या मुलांना आत जायला कधीही मज्जाव होणार नाही. चौथीही एक आहे, पण ती सांगताना थोडा संकोच वाटतो: सिमेंट जपून. चुन्या-मातीच्या भिंतीला वरून सिमेंट थापले की ओल आतच कोंडते आणि बाहेरून ठणठणीत दिसणारी भिंत आतून कुजते. हौसेने केलेल्या दुरुस्तीने पडलेले वाडे मी पाहिले आहेत.

हे सगळे लांबचे काम झाले. त्याला पैसा हवा, परवानगी हवी, आणि मालकांतले भाऊबंद एका जागी यायला हवेत, जे सर्वांत अवघड. पण शिक्षकमंडळींना एक काम याच वर्षी करता येईल. लँडमार्क ट्रस्टच्या प्रत्येक वास्तूत जी जाडजूड वही असते, तशी एक वही आपल्या गावच्या बंद वास्तूसाठी शाळेत सुरू करावी. सातवी-आठवीची मुले घ्यावीत, बरोबर एक टेप आणि आलेखाचा कागद. बाहेरून मापे घेऊन नकाशा काढावा. दाराची चौकट कशाची, भिंत किती हात जाड, कौले नळीची की मंगळुरी, ते लिहावे. पावसाळ्यात एकदा जाऊन पाणी कुठून शिरते ते नकाशावर खुणेने दाखवावे. मग गावातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांकडे जावे आणि विचारावे: इथे शेवटचा दिवा कोणी लावला? सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालावी. वही शाळेच्या कपाटात ठेवावी, आणि पुढच्या वर्षी पुढच्या वर्गाने तिच्यात नवी पाने लिहावीत.